फ्लेक्सवरचा चेहरा आणि मी मारलेली शिट्टी

फ्लेक्सवाला | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. टंकनाच्या चुका पदरात घ्या.

नाशिकच्या सातपूरला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. एक मशीन, दोन पोरं, डिझाइनला मी. सोळा वर्षं झाली, माणसांचे चेहरे मोठे करून देणं हाच धंदा. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहीहंडी, श्रद्धांजली. स्क्वेअर फुटाला दहा-बारा रुपये. देव छापा नाहीतर नेता, मशीनला शाई तेवढीच लागते.

अक्षय्य तृतीयेला कॉलेज रोडवर दागिन्यांच्या एका दालनाचं उद्घाटन होतं. मुंबईहून एक नटी येणार होती. तिचं नाव सांगत नाही, कारण तिचा काहीच दोष नाही. कमान, बोर्ड, स्टेजमागचा पडदा असं सगळं काम माझ्याकडे होतं. पहिली गंमत इथेच झाली. तिच्या मॅनेजरने सात फोटो पाठवले. यातलेच वापरायचे, कातडीचा रंग बदलायचा नाही, चेहऱ्यावर अक्षर येऊ द्यायचं नाही आणि शेजारी कुणाचाही फोटो तिच्यापेक्षा मोठा नको. सराफ बाजारातल्या एका गाळ्यातून ज्या म्हाताऱ्याने हा धंदा उभा केला, तो त्यामुळे खालच्या कोपऱ्यातल्या गोलात गेला. त्यांना प्रूफ दाखवलं तर म्हणाले, "यात मी कुठंय ते सांग आधी."

पाचची वेळ होती, बाई आल्या सात चाळीसला. येवलेकर मळ्याच्या बाजूला गाड्या हलेनात. मी पडद्यामागे होतो, कारण वाऱ्याने एक आयलेट, म्हणजे दोरी ओवायचं कडेचं भोक, फाटलं होतं आणि मी ते बाइंडिंग वायरने आवळत होतो. तिथेच तिला आणून बसवलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिने उंच टाचांच्या चपला काढल्या आणि पायाची बोटं चोळत बसली. मॅनेजरने फोन पुढे धरला. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, म्हणून वाचता आलं. "नाशिक: मिसळ, द्राक्षं, रामकुंड." त्याखाली दुसऱ्या दिवशीचं होतं. "कोल्हापूर: तांबडा रस्सा, अंबाबाई, चप्पल."

तिने दोनदा पुटपुटून पाठ केलं, चपला चढवल्या आणि गेली बाहेर. "कसे आहात नाशिककर! मिसळ खाल्ल्याशिवाय मी जाणार नाही हं!" काय सांगू, कॉलेज रोड फुटला. एक पोरगा विजेच्या डीपीवर चढला होता, तो पडता पडता वाचला. अकरा मिनिटांत फीत, फोटो, हात हलवणं, गाडी. मिसळ बहुतेक घोटीच्या पुढे कुठेतरी राहिली.

आता खरी गोष्ट. तो कागद मी वाचला होता. कोल्हापूरची ओळसुद्धा वाचली होती. तरी "मिसळ" ऐकल्यावर मी पडद्यामागून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, हातात पक्कड.

का मारली असेल? चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

---

गोदाकाठ | १०:३१

बसलो रुमाल टाकून. धागा चालणार.

पेठरोड | १०:३८

डीपीवर चढलेला पोरगा माझा आतेभाऊ निघायचा. घरी विचारतो.

तिळभांडेश्वर | १०:५२

का मारली यात विचार करण्यासारखं काय आहे? सगळे ओरडत असताना गप्प राहायला ताकद लागते, ती आपल्यात नाही. क्रिकेटच्या मॅचला लाट उठते तेव्हा आपणही उठतोच ना, मग संघ कुठलाही असो.

मला खरं कोडं वेगळंच वाटतं. ही माणसं प्रसिद्ध आहेत ती कशासाठी? पूर्वी नट म्हणजे निदान चार नाटकं, दोन सिनेमे असायचे. आता ज्याला त्याला विचारा, "हा कोण?" तर उत्तर येतं, "अरे तो फेमस आहे." कशाबद्दल, तर फेमस असल्याबद्दल.

आडगावनाका | ११:०४

+१. आमच्या पोरांना त्यापेक्षा कविता राऊत सांगा. हरसूलजवळच्या सावरपाड्याची पोरगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. नाहीतर चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ घ्या. रोइंगला रिओ ऑलिंपिकपर्यंत गेला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. यांच्यासाठी कॉलेज रोड बंद पडला पाहिजे.

तिळभांडेश्वर | ११:०९

आणि समजा पडला बंद, तर काय होईल? दत्तूभाऊंना बोट चालवायला पाणी हवं की आपण त्यांच्या गळ्यात पडून काढलेला सेल्फी? देव बदलला तरी रांग तीच राहते, आडगावकर.

मास्तरीण | ११:४०

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं पुस्तकी बोलते. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी अमेरिकेतल्या रेडिओ-टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल एक लेख लिहिला. पडद्यावरचा माणूस कॅमेऱ्यात बघून बोलतो, थांबतो, जणू समोरच्याचं उत्तर ऐकतोय. रोज त्याच वेळी येतो. प्रेक्षकाला वाटतं, आपली याची ओळख आहे. एकतर्फी ओळख. त्याला त्यांनी पॅरासोशल असं नाव दिलं. लक्षात घ्या, तेव्हा मोबाइल नव्हता. आता तोच माणूस उशीखाली असतो, दात घासताना बोलतो आणि आपण बदाम टाकला की कधीमधी उलट बदामही येतो.

त्या लेखातली मला पटणारी गोष्ट ही की त्यांनी प्रेक्षकाला मूर्ख ठरवलं नाही. समोरचा आपल्याला ओळखत नाही हे प्रेक्षकाला माहीत असतंच. फ्लेक्सवाले, तुम्ही तो कागद वाचला म्हणून तुम्हाला वेगळं वाटतंय. गर्दीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात तो वाचलेलाच होता.

गोदाकाठ | ११:४६

मास्तरीणबाई, शेवटचं वाक्य कापून ठेवतो.

सिडकोचा_बाप | सोमवार, सकाळी ६:५०

रात्री वाचलं, झोप लागली नाही, म्हणून सकाळी लिहितोय.

माझी मुलगी एस.वाय.ला आहे. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैमध्ये इन्स्टाचे रील्स आले, आणि लॉकडाऊनमध्ये घरात बसून तिने नाच टाकायला सुरुवात केली. आज अडुसष्ट हजार लोक तिला फॉलो करतात. आमच्या गल्लीत अडुसष्ट घरं नसतील.

सुरुवातीला मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. कंपनीत लोक विचारायचे, "तुमचीच ना ती?" मग पार्सलं यायला लागली. साबण, क्रीम, कसले कसले तेलाचे थेंब. पैसे नाहीत. याला बार्टर म्हणतात. ते वस्तू देणार, ही व्हिडिओ देणार. घरात एकतीस क्रीम आहेत, मी मोजली, आणि दळणाचे पैसे मीच देतो.

एकदा एका मिसळीच्या ठिकाणी बोलावलं, मलाही सोबत नेलं. लाकडी बाकडी, वर द्राक्षाचा मांडव, बाजूला झोका. मिसळ आली. पहिला फोटो वरून, मग कडेने, मग तर्री ओततानाचा, मग तो नीट आला नाही म्हणून दुसरी वाटी. पावाचा तुकडा तोंडाजवळ नेऊन "अप्रतिम!" हे सहा वेळा. पावाला ओठ लागला नाही. पाऊण तासाने ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खा." तर्रीवर तेलाची साय धरली होती. मी खाल्ली. अन्न टाकवत नाही आमच्याने.

परतताना गाडीवर मागे बसून फोन बघत होती. अचानक गप्प झाली. घरी आल्यावर आईला कळलं, कुणीतरी दाताबद्दल काहीतरी लिहिलं होतं. चारशे लोकांनी छान म्हटलं होतं, एकाने दाताबद्दल. त्या एकासाठी ती रात्री जेवली नाही.

मला सल्ला नकोय. फोन काढून घ्या वगैरे सांगू नका, ते करून झालंय.

जुनी_नाशिककरीण | सकाळी ८:२०

सिडकोचे बाबा, दातांचं मनावर घेणारं वय आहे ते. आमच्या वेळी शेजारणी बोलायच्या, आणि त्या अडुसष्ट हजारांपेक्षा भारी असायच्या.

पण मी इथे भांडायला आलेय. सगळे मिळून "पोकळ, पोकळ" चालवलंय, मला ते पटत नाही. माझं वय बहात्तर. लग्न होऊन पंचवटीत आले तेव्हा 'आराधना' येऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. राजेश खन्नाचे एकामागून एक सिनेमे चालत होते. मुली त्याच्या फोटोशी लग्न लावायच्या, रक्ताने पत्रं लिहायच्या असं वर्तमानपत्रात यायचं. मी रक्ताने नाही लिहिलं. एवढं वाण्याचं उधार असताना रक्त कुठून आणू!

तर सांगायचं असं की चौदा माणसांच्या घरात मला माझं म्हणून काही नव्हतं. कपाट नाही, खोली नाही, नवराही संध्याकाळी सातनंतरचा. तेव्हा हा एक माणूस होता ज्याच्याबद्दल मी विचार केला तर कुणाला पत्ता लागत नव्हता. पोळ्या लाटताना त्याची मान वाकडी करण्याची लकब आठवायची आणि सासूबाई विचारायच्या, "काय झालं हसायला?" मी म्हणायचे, "काही नाही, पीठ उडालं नाकात."

त्याला मी माहीत नव्हते. बरंच झालं, माहीत असते तर त्याचाही डबा भरावा लागला असता.

२०१२ च्या जुलैमध्ये तो गेला तेव्हा मी खिचडी टाकली होती. गॅस बंद केला आणि पाच मिनिटं बसून राहिले. सून म्हणाली, "आई, तुमच्या ओळखीचे होते का?" आता याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

मास्तरीण | ८:४१

आजी, तुमच्यापुढे हॉर्टन आणि वोल दोघे बाद.

पेठरोड | ९:०५

आतेभाऊच होता. पायाला खरचटलंय. त्याला विचारलं तिचा कुठला सिनेमा पाहिलास, तर म्हणतो, एकही नाही. गर्दी बघून गाडी लावली म्हणे.

त्र्यंबकनाका | ९:३०

नाशिककरांनी या विषयावर फार आश्चर्य दाखवू नये, कारण हे खूळ भारतात जिथून सुरू झालं त्यात आपलं गाव आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. १९१३ मध्ये मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवला आणि लगेच बाडबिस्तरा घेऊन नाशिकला आले. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके शोधून काढले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढायचे असं सांगतात.

हॉटेलातला माणूस, आणि लोक त्याला बघून वहाणा काढतायत! पण त्या लोकांना साळुंके हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी वहाणा रामासाठी काढल्या. आता उलटं झालंय. राम कुठला हे कुणी विचारत नाही, त्याचं काम करणारा विमानतळावर काय घालून उतरला ते विचारतात.

आणि फाळक्यांचं शेवटी काय झालं तेही माहीत असू द्या. बोलपट आले, त्यांचा जमाना संपला, १६ फेब्रुवारी १९४४ ला इथेच नाशिकला गेले, तेव्हा सिनेमाची दुनिया त्यांना विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ ला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे. लोक तिथे हिरवळीवर डबा खायला जातात.

आडगावनाका | ९:४४

डबा खायला जाण्यात वाईट काय? मीही जातो.

त्र्यंबकनाका | ९:५०

वाईट म्हटलं कुठे.

कायद्याचंबोला | ११:१५

सिडकोचा_बाप यांच्यासाठी एक कामाची गोष्ट, सल्ला समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २१. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीबरोबर ती करणाऱ्या चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय एक वर्षापर्यंत जाहिरात करायला बंदी, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत. दावा खरा आहे की नाही याची चौकशी केली होती हे दाखवता आलं तर सुटका. फुकट वस्तू घेऊन केलेला व्हिडिओ असेल तर तसं स्पष्ट लिहायचं असतं. एकतीस क्रीमपैकी एखादं "सात दिवसांत गोरे" म्हणत असेल तर ते तेवढं बाजूला काढा.

सिडकोचा_बाप | ११:२८

आभारी आहे. एक आहे तसं. संध्याकाळी बोलतो तिच्याशी.

वाचनालयात_पडीक | दुपारी १:०५

धाग्यात तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, अजून कसे आले नाहीत? १९८७ चा ज्ञानपीठ मिळालेला माणूस टिळकवाडीतल्या साध्या घरात राहायचा, दार उघडं, कुणीही यावं असं जुने लोक सांगतात. प्रसिद्धी त्यांच्याकडेही आलीच होती. पण आल्यावर तिला ओसरीवर बसवलं, घरात नाही घेतलं.

फ्लेक्सवाला | दुपारी २:४०

सकाळपासून मशीन चालू होतं, आत्ता जेवायला बसलोय.

वाचनालयवाले, तात्यासाहेबांचेही फ्लेक्स मीच छापतो, २७ फेब्रुवारीला. मागे एकदा डिझाइन आलं, मराठी भाषा दिनाच्या शुभेच्छा. त्यात शुभेच्छुक गुडघ्यापर्यंत उभा आणि कुसुमाग्रज वर उजव्या कोपऱ्यात गोलात. मी म्हटलं, भाऊ, आजचा दिवस त्यांचा आहे. तर म्हणाला, "त्यांना सगळे ओळखतात, मला कुठं कुणी ओळखतं? मला मोठा कर."

मी हसलो तेव्हा. पण आज सकाळपासून आजींचं आणि पेठरोडच्या आतेभावाचं डोक्यात घोळत होतं, त्यात हेही आठवलं.

माझ्याकडे येणाऱ्या शंभरातले नव्वद लोक नटनट्या छापायला येत नाहीत हो. स्वतःचा चेहरा छापायला येतात. हातगाडीवाला येतो, पोराच्या पहिल्या वाढदिवसाचा दहा बाय आठचा बोर्ड मागतो, त्यात पोराला मुकुट घालायचा, मागे महाल, वर ढगात आजोबा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो एवढा मोठा केला की फाटतो, डोळ्यांच्या जागी चौकोन दिसतात. मी दाखवतो की बघा, फोटो फाटलाय. ते म्हणतात, "राहू द्या, लांबून दिसतो." मंडळांच्या बोर्डावर खाली पंचवीस गोल असतात. बोर्ड लागला की दुसऱ्या दिवशी त्यातले दोघे भांडायला येतात, माझा गोल त्याच्यापेक्षा लहान का. मी एकदा पट्टीने मोजून दाखवलं, सारखेच होते. तरी पटलं नाही.

तर शिट्टीचं मला वाटतं ते असं. ती "नाशिककर" म्हणाली ना, तेव्हा ती जिला सगळे बघतात, तिने क्षणभर आमच्याकडे बघितलं. म्हणजे बघितलं नाही, कागदावर होतं, मला माहीत आहे. पण गोलात जागा मिळाली. पडद्यामागे पक्कड घेऊन उभा असलेल्यालाही.

तिचंही एक सांगायचं राहिलं. बाहेरून आत आली तेव्हा गाडी पुढे घ्यायला दोन-तीन मिनिटं लागली. बाहेर लोक तिच्या नावाने ओरडत होते आणि ती पडद्याच्या मागच्या बाजूला, पांढऱ्या बाजूला तोंड करून उभी होती. पुढच्या बाजूला तिचाच बारा फुटी चेहरा. मला म्हणाली, "काका, इथे कुठे वॉशरूम आहे का?" दालनातलं अजून चालू झालं नव्हतं, नळ बसायचा होता. मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं दाखवलं. तिथवर जायचं म्हणजे गर्दीतून दहा पावलं. मॅनेजर नाही म्हणाला. ती गाडीत बसली. मुंबई चार तास.

जुनी_नाशिककरीण | २:५८

अगं बाई. बिचारी.

तिळभांडेश्वर | ३:१०

म्हणजे तुमच्या हिशेबाने तिथे मोकळा एकटा झेरॉक्सवालाच होता.

फ्लेक्सवाला | ३:१४

तो शटर अर्धं ओढून रील काढत होता.

गोदाकाठ | ३:२०

😂

आडगावनाका | ४:०२

एक शंका. पुढे कुंभ आहे, रामकुंडावर आधीच सकाळी अंघोळ करणाऱ्यापेक्षा शूट करणारे जास्त. तेव्हा काय होईल याची चर्चा वेगळ्या धाग्यात करूया का? इथे अवांतर होईल.

वाचनालयात_पडीक | ४:१५

काढा धागा. येतो.

सिडकोचा_बाप | रात्री ९:३५

बोललो तिच्याशी. ते एक क्रीम तिने बाजूला काढलं, लगेच. मग मी हा धागा वाचायला दिला. तात्यासाहेबांपाशी कंटाळली, आजींचा प्रतिसाद मात्र दोनदा वाचला. म्हणाली, "यांच्यावर रील करू का?" मी कपाळाला हात लावला. आजी, तुमची काय हरकत आहे का?

जुनी_नाशिककरीण | ९:५०

चेहरा दाखवायचा नाही. पोळ्या लाटताना हात दाखवा हवं तर. आणि मिसळ नको, येईल तेव्हा गरम जेवायला घालीन म्हणावं, खाऊन झाल्यावर काय ते काढ.

निफाडचा_कांदा | मंगळवार, सकाळी ७:१०

धागा वाचला, मोठ्या लोकांची मोठी चर्चा आहे, मी त्यात पडत नाही. फ्लेक्सवाले भाऊ, ते उद्घाटनाचे बोर्ड उतरवले असतील तर जुनं फ्लेक्स मिळेल का? उन्हाळ कांदा चाळीत भरलाय, उत्तरेकडून झड आत येते, बाजूला लावायला पाहिजे. दोन-तीन मोठे असले तर बरं. चेहरा कुणाचाही चालेल.

फ्लेक्सवाला | ७:२५

आहेत. मागचा पडदा वीस बाय बारा आहे, तो घेऊन जा. एका कोपऱ्याचं आयलेट फाटलंय, तिथे वायर बांधलीय तशीच राहू द्या. छापील बाजू आत करा, उन्हाने शाई सुटते आणि हाताला लागते. शनिवारी दुपारनंतर या, सकाळी लग्नाचे बोर्ड आहेत.

निफाडचा_कांदा | ७:३१

येतो. येताना पिशवीभर कांदे आणतो.